सोसायटी ग्रुप: स्पीकरखाली स्पाइक लावू की रबर?

फ्लॅट ३०२: नमस्कार सगळ्यांना, एक विचारायचं होतं. मागच्या आठवड्यात टॉवर स्पीकर आणलेत, एकेक २२ किलोचा, खोक्यात चार-चार स्टीलचे स्पाइक आलेत आणि चार-चार रबरी पाय पण, आता यातलं काय लावू कळत नाहीये. खाली व्हिट्रिफाइड टाइल आहे. आणि काल खालच्या काकू म्हणाल्या की त्यांच्या शोकेसच्या काचा वाजतात, ते आधी थांबवायचंय, माझ्या आवाजाचं नंतर बघू

फ्लॅट २०२: अरे तक्रार नव्हती रे ती. परवा तू अमीर खाँ साहेब लावलेस तेव्हा मी गॅस बंद करून ऐकत बसले होते. पण डग्गा घुमला की काच थरथरते, मग सगळं लक्ष त्या काचेकडे जातं, गाणं बाजूलाच राहतं

फ्लॅट ५०१: भिया स्पाइक लाव, विचारच करू नको. स्पाइकचं टोक बारीक, कंपन खाली उतरून जातं आणि परत वर येत नाही, वन वे. मी ज्याच्याकडून घेतले त्याने हेच सांगितलं आणि माझ्याकडे कार्पेटवर चांगला फरक पडला

फ्लॅट ३०२: पण कंपन खाली उतरून जाणार म्हणजे काकूंकडेच जाणार ना दादा 😟

फ्लॅट ४०१: मी लिहितो जरा, लांब होईल, चष्मा घेऊन वाचा. माझी २६ वर्षं पिथमपूरच्या कारखान्यात मेंटेनन्समधे गेली आणि त्यातली निम्मी मशीनखालच्या माउंटिंगमधे, त्यामुळे हा विषय माझ्या जवळचा आहे. पहिली गोष्ट, वन वे असं काही नसतं. लोखंडाचा सुळा दोन कडक वस्तूंच्या मधे दाबून बसवला की कंपन इकडून तिकडे जसं जातं तसंच तिकडून इकडे येतं. स्पाइक जोडतो, तोडत नाही. त्याचं खरं काम वेगळंच आहे. २२ किलोचे चार भाग केले तर एका पायावर साडेपाच किलो, आणि ते सगळं सुईएवढ्या टोकावर, म्हणून तो कार्पेटच्या लोकरीतून आरपार जाऊन खालच्या फरशीवर टेकतो आणि स्पीकर डुगडुगत नाही. ५०१ च्या भाऊंना कार्पेटवर फरक पडला तो खराच आहे, त्यांचा स्पीकर आधी मऊ कार्पेटवर हलत होता तो घट्ट उभा राहिला. टाइलवर हे कामच शिल्लक नाही, उलट टाइलचा चकचकीत थर उडेल, कोटा स्टोन असता तर खड्डाच पडला असता. लावायचेच असले तर प्रत्येक स्पाइकखाली वाटीसारखी चकती ठेव, नाहीतर निदान एक-एक नाणं

फ्लॅट ३०२: मग काका रबर लावून टाकू का, आत्ताच

फ्लॅट ४०१: थांब, रबरमधे पण गोम आहे आणि ती लोकांना माहीत नसते. मऊ वस्तूवर वजन ठेवलं की ते सगळं स्प्रिंगसारखं होतं, त्याची स्वतःची एक फ्रिक्वेन्सी असते, म्हणजे सेकंदाला किती झोके, ते हर्ट्झमधे. हिशोब सोपा आहे, वजन ठेवल्यावर पाय किती मिलिमीटर दबला ते बघायचं, त्याचं वर्गमूळ काढायचं आणि १५.८ ला त्याने भागायचं. १ मिमी दबला तर साधारण १६ हर्ट्झ, ४ मिमी दबला तर ८ हर्ट्झ. आणि अडवणूक सुरू होते ती या आकड्याच्या १.४ पटीच्या वर, त्याच्या खाली काहीही अडत नाही. आता तुझ्या खोक्यातला कडक रबरी पाय बोटाने दाबून बघ, साडेपाच किलोला तो ०.१ मिमी दबला तर खूप झालं, म्हणजे आला ५० हर्ट्झ! म्हणजे जिथे डग्ग्याचा, बेस गिटारचा खालचा भाग आहे तिथेच तो पाय झोके घेणार, अडवायचं सोडून वाढवणार. वर रबर स्थिर असताना दबतं त्यापेक्षा हलताना जास्त कडक वागतं, त्यामुळे खरा आकडा याहूनही वर जातो. नुसतं रबर आहे म्हणून आयसोलेशन, म्हणजे कंपन तोडणं, झालं असं नाही, वजनाला साजेसा मऊपणा पाहिजे. सोर्बोथेन या रबरासारख्या मऊ पदार्थाच्या गोळ्या मिळतात त्यांचंही हेच, कमी वजनाला कडक घेतल्या तर दगड आणि जास्त वजनाला मऊ घेतल्या तर पार चेपून बसतात. आणि त्या थेट पॉलिश केलेल्या लाकडावर ठेवू नका, तेलकट डाग सोडतात

फ्लॅट ५०१: काका पण मऊ पायांवर स्पीकर मागेपुढे हलून बेस ढिला पडतो म्हणतात, ते?

फ्लॅट ४०१: चांगला प्रश्न. बेसचा कोन, म्हणजे स्पीकरमधला पुढेमागे हलणारा शंकू, समजा २५ ग्रॅमचा आणि स्पीकरचं खोकं २२ किलोचं, म्हणजे खोकं जवळजवळ ९०० पट जड. कोन ५ मिमी पुढे गेला तर खोकं अगदी मोकळं सोडलं तरी मागे जाणार ६ मायक्रॉनच्या आसपास. डोक्याचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो. त्याने बेस ढिला होत नाही. डोळ्याला दिसतो तो झोका हाताने ढकलल्यावरचा, गाण्याने नाही. पण घरात लहान मूल असेल तर तो हाताचाच झोका महत्त्वाचा, उंच टॉवर मऊ पायांवर मुलाने धरून उभं राहायला गेलं तर अंगावर येईल. हे मी गंभीरपणे सांगतोय

फ्लॅट ३०२: आमची आता दीड वर्षाची आहे, सगळ्याला धरून उभी राहते. हे डोक्यातच आलं नव्हतं, बरं झालं सांगितलंत काका 🙏

सेक्रेटरी: चर्चा चालू द्या, उपयोगी आहे, फक्त रात्री १० ते सकाळी ६ ची वेळ सगळ्यांनीच पाळा, २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. आणि ग्रुपवर फैसला होत नसेल तर रविवारी सकाळी करून बघा की

फ्लॅट ४०१: करूया. पंक्चरवाल्याकडून स्कूटरच्या दोन जुन्या ट्यूब आणतो. अर्धी हवा भरायची, वर प्लायचा तुकडा, त्यावर स्पीकर. महागातला महाग पाय जेवढं तोडेल त्याच्यापेक्षा जास्त तुटतं यात. ट्यूबवर ठेवूनही काकूंची काच वाजली तर समजायचं की कंपन पायातून जातच नाहीये, हवेतून जातंय, मग पायांवर एक रुपया घालवायचा नाही

फ्लॅट १०३: मी स्टेथोस्कोप घेऊन येते 😊 क्लिनिक रविवारी बंदच आहे

फ्लॅट २०२: पोहे माझ्याकडे. जलेबी कोणीतरी आणा

*रविवार*

फ्लॅट १०३: जे आले नव्हते त्यांच्यासाठी लिहिते. मोबाइलच्या अॅपवरून ५० हर्ट्झचा एकच स्वर लावला, आवाज सगळ्या वेळी तेवढाच ठेवला, आणि मी स्पीकरपासून एक वीत लांब टाइलवर स्टेथोस्कोप टेकवून ऐकलं. नाण्यांवर स्पाइक ठेवले तेव्हा फरशीतून स्पष्ट गुंजन येत होतं. खोक्यातल्या रबरी पायांवर जवळजवळ तसंच, मला तर किंचित जास्तच वाटलं, दोनदा पाय बदलून बघितलं तरी तसंच. आणि ट्यूबवर ठेवल्यावर एकदम शांत, नाडी लागत नाही तशी फरशी लागेना. जे थोडंसं येत होतं ते नळी हवेतूनही उचलते त्यातलं असावं

फ्लॅट २०२: आणि मी खाली शोकेससमोर उभी. तिन्ही वेळा काच तशीच वाजली. ट्यूबच्या वेळी मी वर फोन करून विचारलं की ठेवला ना नक्की ट्यूबवर, म्हणे हो काकू ठेवलाय

फ्लॅट ३०२: मला खरंच धक्का बसला, मी तर ऑनलाइन महागडे पाय कार्टमधे टाकून बसलो होतो. मग काकांनी स्वर हळूहळू वर नेला तर काच ६० च्या थोडं वरच सगळ्यात जोरात, त्याच्या अलीकडे पलीकडे कमी. म्हणजे आवाज खोली भरतो, स्लॅब आणि भिंती त्याने हलतात, आणि खाली त्यांची ती एक काच त्याच स्वराला तयार बसलेली

फ्लॅट ४०१: ४० हर्ट्झची लाट साडेआठ मीटर लांब असते रे, ६० ची पावणेसहा. आपल्या हॉलपेक्षा मोठी. ती स्पीकरच्या पायातून वाट काढत बसत नाही, सगळ्या खोलीची हवाच दाबते. स्पीकर कोपऱ्यात होते, कोपऱ्यात बेस फुगतो. ते भिंतीपासून दोन फूट पुढे आणि कोपऱ्यातून बाहेर घेतले, तर वर ऐकायला सगळं जास्त मोकळं झालं आणि खाली काच अर्धी गप्प. उरलेली अर्धी काकूंकडे जाऊन बघितली, काच लाकडी खाचेत सैल होती, बोट टेकवलं की थांबत होती. खाचेत फेल्टच्या चार पट्ट्या सरकवल्या, संपलं

फ्लॅट २०२: त्या काचेमागे यांचे ग्वाल्हेरच्या कॉलेजातले कप आहेत, मी वर्षानुवर्षं ती काच उघडलीच नव्हती. आज सगळे कप पुसले. आता त्याने परत खाँ साहेब लावलेत, मी स्वयंपाकघरात आहे आणि इथपर्यंत नुसतं गाणं येऊन राहिलंय

फ्लॅट ५०१: काका मग मऊ पाय हा प्रकारच फुकट का? माझे छोटे स्पीकर बेडरूममधे टीव्ही युनिटवर आहेत तिथे खालचा ड्रॉवर पण वाजतो

फ्लॅट ४०१: नाही, तिथे फुकट नाही, तिथेच त्यांची खरी जागा आहे. टीव्ही युनिट म्हणजे पोकळ प्लायचं खोकं, हलकं, पातळ, ते स्वतःच ढोलक्यासारखं वाजतं. जड स्लॅबला स्पीकर पायातून फारसं हलवू शकत नाही पण ६ किलोच्या स्पीकरने प्लाय सहज हलतो. तिथे मऊ पाय लावा, १ मिमी तरी दबतील असे, ड्रॉवर गप्प बसेल आणि आवाजातला तो डबा-डबा सूर जाईल. आमचं जुनं घर आपल्या इंदूरच्या राजवाड्याच्या मागे होतं. राजवाड्याचे कसे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी, तसंच आमचं, खाली दगड-विटा, वर पाटईची लाकडी जमीन. वर रेडिओग्राम लावला की पाटई बोलायची आणि खाली आजीच्या फडताळातली तांब्या-भांडी बोलायची. वडिलांनी त्याच्या पायांखाली जुन्या टायरचे तुकडे कापून घातले होते, रेडिओग्रामचं वजन आणि त्या टायरचा मऊपणा बरोबर जमला, आणि भांडी बंद झाली. मला तेव्हा कारण कळलं नव्हतं, मी आठ वर्षांचा, पण मी पोटावर पडून पाटईला कान लावून ऐकायचो. आज ताईंनी टाइलला स्टेथोस्कोप लावला तेव्हा तेच आठवलं

फ्लॅट १०३: काका 🙏 पुढच्या वेळी तुम्हीच ऐका, मी स्पीकर धरते

फ्लॅट ३०२: शेवटी मी खोक्यातलेच रबरी पाय लावले, कडक असले तरी टाइल खराब होत नाही आणि टॉवर डुलत नाही. काकांनी लेव्हल लावून एकेक पाय फिरवून चारही टेकवले, एक पाय अधांतरी होता तो मला आधी कळलाच नव्हता, हाताने हलवलं की टक टक यायचं ते त्याचंच. आणि स्पाइकवर असताना ट्विटर, म्हणजे बारीक आवाजाचा छोटा स्पीकर, इंचभर वर होता त्यामुळे बसल्यावर आवाज जरा उजळ वाटत होता, मी ते स्पाइकचं कौतुक समजत होतो. आता स्पीकर किंचित मागे कलते केलेत, परत तसाच उजळ झाला

फ्लॅट ५०१: मला युनिटवरच्या स्पीकरखालचे पाय घ्यायचेत, सियागंजात मिळतील का मशीनवाले? बोल्ट एम ६ आहे की एम ८ ते कसं बघू

फ्लॅट ४०१: स्पाइक काढून आणा माझ्याकडे, माझ्याकडे दोन्ही साइजचे चेकनट आहेत, जो फिरेल तो. स्पीकरचं वजन पण करून आणा, काटा १०३ ताईंकडे आहे. मंगळवारी मी सियागंजला जातोच आहे, तेव्हा बरोबर चला