काजूचा मोहोर आणि हुमले

कीटकांची संख्या घटते आहे, आणि त्याचा सारा दोष भातशेतीतील कीटकनाशकांच्या फवारणीवर ठेवला जातो. या मताला माझी एक पुस्ती आहे: गोव्यात काजूकडेही पाहिले पाहिजे. ढेकण्या म्हणजे काजूचा कोवळा भाग शोषणारा किडा; त्याच्या बंदोबस्तासाठी पालवी, मोहोर आणि फळधारणा अशा तीन टप्प्यांत फवारणीची शिफारस असते. त्यांपैकी मोहोराचा टप्पा म्हणजे नेमका मधमाश्या फुलांवर येण्याचा काळ, आणि काजूचे परागीभवन तर मुख्यतः कीटकांवरच अवलंबून असते. त्याच झाडावर पाने रेशमी धाग्यांनी शिवून घरटी करणारे हुमले, म्हणजे तांबड्या मुंग्या, ढेकण्याला आवरतात. पण ते कडकडून चावतात, म्हणून अनेकांना आधी त्यांचीच घरटी नकोशी होतात (चावा मीही खाल्ला आहे, त्यामुळे राग समजतो).

केरळातील कासरगोडच्या काजूबागांवर ज्याची हवाई फवारणी झाली, त्या एंडोसल्फान या कीटकनाशकावर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बंदी घातली; पण एक औषध गेले म्हणून फवारणीची वेळ बदलली नाही. काजूला आधारभूत किंमत देणाऱ्या गोवा सरकारने मोहोरात फवारणी टाळणाऱ्या बागायतदाराला थोडा वाढीव दर द्यावा, असे मला वाटते.