पोराच्या चष्म्याचा नंबर वर्षात दुप्पट झाला, काय करू?

फोंड्याची_आई
मुलगा चौथीत आहे, गेल्या गणेश चवथीच्या आधी मायनस १ होता आता २, फळ्यावरचं दिसत नाही म्हणून शेजारच्याच्या वहीतून उतरवून घेतो. आमच्या दोघांना चष्मा नाही. सासूबाई म्हणतात मोबाईल काढून घे, गाजर दे आणि चष्मा सारखा लावू नको, सवय होते. गाजरं किलोवारी खाऊन झाली. पुढे?

डिचोलकार
गाजर कोशिंबिरीत बरं. मायनस नंबर म्हणजे डोळ्याचा गोळा मागे लांबत जातो, एक मिलिमीटर लांबला की साधारण अडीच-तीन नंबर वाढतात आणि तो परत आखडत नाही. चष्मा पूर्ण नंबरचाच आणि नेहमी लावू दे, न लावल्याने वाढ थांबत नाही.

म्हापशाची_मामी
मोबाईलवर सगळं ढकलू नका गो. २००८ साली एक अभ्यास आला होता, सिडनी आणि सिंगापूरची ६-७ वर्षांची चिनी वंशाची मुलं, सिंगापुरात २९ टक्क्यांना मायनस, सिडनीत ३ टक्के. सिडनीची पोरं आठवड्याला जवळजवळ १४ तास बाहेर, सिंगापूरची ३ तास, आणि गंमत म्हणजे वाचन सिडनीचंच जास्त! आता आपल्याकडचं बघ, दीडला शाळा सुटते, जेवण की ट्यूशन, बाहेर येतो तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागलेले.

फोंड्याची_आई
मामी अगदी हेच चाललंय आमचं. पण पावसात चार महिने कुठे पाठवू?

म्हापशाची_मामी
ढगाळ असलं तरी बाहेरचा उजेड वर्गापेक्षा कितीतरी पट, वर्गात ३००-५०० लक्स (उजेडाचं माप), बाहेर हजारांत. पाऊस उघडला की हाकल बाहेर, चिखल लागला तर धुता येतो. तैवानात २०१० पासून शाळांतून रोज १२० मिनिटं मुलांना बाहेर काढतात, आणि पाऊस तिथे काय कमी पडतो?

डिचोलकार
आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना कमी ताकदीच्या अॅट्रोपिनच्या थेंबांबद्दल विचार, माझ्या चेडवाला (मुलीला) रोज रात्री एक थेंब घालतो, वाढ हळू झालीय, थांबलेली नाही. स्वतःहून फार्मसीतून आणून घालू नको हां. तपासताना थेंब घालून बाहुली मोठी करून बघायला सांग, नाहीतर लहान मुलांचा नंबर उगाच जास्त निघतो. आमचा पहिल्यांदा पाऊण नंबर जास्त काढला होता, त्या चष्म्याने पोर डोकं धरून बसायची.

फोंड्याची_आई
थॅंक्यू. आत्ताच ट्यूशनच्या टीचरना फोन केला, चारची बॅच साडेसहाला करता येईल का म्हणून. म्हणाल्या साडेसहाची फुल आहे, बाकीच्या आयांनीही तीच मागितलीय, पण डोळ्यांसाठी नाही, चारला पोरांना झोप येते म्हणून.