कॉलेजला, ऑफिसला चालत जाता का? अनुभव लिहा

मंडळी, आमच्या कॉलेजच्या हरित परिसर समितीत माझी वर्णी लागलीय (मीटिंगला मी नव्हतो, म्हणून नाव घातलं). पहिलंच काम असं आलंय की स्टाफ आणि विद्यार्थ्यांनी चालत यावं म्हणून "काहीतरी उपक्रम" सुचवा. नॅकच्या (कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेच्या) मूल्यांकनात गाड्यांना मर्यादित प्रवेश, सायकली, चालणाऱ्यांसाठी नीट वाटा असलं सगळं विचारतात, त्यामुळे आमच्याकडे नो व्हेइकल डे आधीपासून आहेच. त्या दिवशी सगळे आपापल्या गाड्या पलीकडच्या गल्लीत लावतात, गेटातून हसत हसत चालत आत येतात, बॅनरसमोर जिओटॅगवाला (जागा-वेळ छापलेला) फोटो काढतात आणि झालं.

मला तो फोटो नकोय. जे खरंच चालत जातात, किंवा जायचे आणि सोडलं, त्यांनी लिहा. अंतर किती, वाट कशी, काय आडवं येतं. "आमच्या वेळी आम्ही पाच मैल चालायचो" वाल्या काकांनीही जरूर लिहा, फक्त वर्णन रस्त्याचं करा, स्वतःच्या चारित्र्याचं नको.

माझं घर सव्वा किलोमीटरवर आहे. मधे एक मोठा चौक, तिथल्या सिग्नलला चालणाऱ्यांसाठी हिरवा दिवाच नाही, कुठल्यातरी बाजूच्या गाड्या कायम चालूच. तो एक चौक नसता तर मी केव्हाच गाडी विकली असती.

लाल डब्याची पासवाली

सर, मला गंमत वाटली की चालत येण्यासाठी उपक्रम लागतो. आमच्या बाजूच्या खेड्यातनं येणाऱ्या आम्ही सगळ्या जणी स्टँडवरून रोज चालतच येतो, एसटीचा पास एक तृतीयांश पैशात होतो पण स्टँडवरून पुढे रिक्षावाला सीटमागे वीस मागतो, येऊन जाऊन चाळीस, महिन्याचे हजाराच्या घरात जातात, ते कोण देणार? त्यामुळे चालणं ही आमची आवड वगैरे नाही. आणि वर्गात चालत येणारी म्हणजे घरची बेताची हे सगळ्यांना कळतं, कुणी बोलत नाही इतकंच. पहिल्या वर्षाला असताना आमच्यातली एक तर गेटच्या अलीकडे ओढणीनं तोंड पुसून, केस नीट करून मगच आत शिरायची, म्हणजे घामाघूम दिसू नये.

आमच्यासाठी करायचंच असेल तर दोन गोष्टी करा. स्टँडपासूनच्या रस्त्यावरची कडुलिंबाची झाडं रुंदीकरणात गेली, तिथे परत लावा, एप्रिलमध्ये दुपारी बाराला त्या डांबरावरून चालून बघा एकदा. आणि पहिलं लेक्चर साडेसातचं असतं, आमची बस पोचते सव्वासातला, चालत वीस मिनिटं. म्हणजे ज्या चालतात त्यांचीच अटेंडन्स जाते. पंधरा मिनिटं पुढे ढकला फक्त, बॅनर नको.

राजारामपुरी आठवी गल्ली

वरच्या ताईंना शंभर पैकी शंभर.

आमच्या कोल्हापूरची मजा ऐका. शिवाजी विद्यापीठाचा परिसर 853 एकर, झाडी दांडगी, मोर बी दिसत्यात, सकाळी सकाळी निम्मं गाव तिथं फिरायला. पण त्यातले कितीतरी फिरायला गाडीवरनं येतात! गाडी लावायची, हात हलवत चार-पाच किलोमीटर झपाझप चालायचं, पुन्हा गाडीला किक, जाता जाता मिसळ. आणि हेच गडी दहाला एक किलोमीटरवरच्या ऑफिसला परत गाडी काढणार. म्हणजे चालायचा कंटाळा कुणालाच न्हाई बघा. सावली असली, मागनं हॉर्न नसला की माणूस चालतोय. कामाला चालत जायला मात्र कमीपणा वाटतो, आमच्या ऑफिसात एक साहेब चालत यायचे तर शिपायापासून सगळे रोज विचारायचे, "साहेब, गाडी बिघडली काय?" शेवटी वैतागून त्यांनी गाडी आणायला सुरुवात केली.

पेपर तपासणारी

मी पुण्यात शिकवते, साडी नेसून चालत जाते. साधारण दीड किलोमीटर. अडचण अंतराची नाहीये हो, फुटपाथची आहे. आपल्याकडे इंडियन रोड्स काँग्रेसचं मानक आहे की फुटपाथची कड दीडशे मिलिमीटरपेक्षा उंच नको आणि चालायला मोकळी जागा किमान 1.8 मीटर हवी. माझ्या रस्त्यावर कड गुडघ्याशी येते आणि मोकळ्या जागेत डीपी बॉक्स, उसाचं गुऱ्हाळ आणि तीन अ‍ॅक्टिव्हा. प्रत्येक सोसायटीच्या गेटपाशी फुटपाथ संपतो, खाली उतरा, पुढे परत चढा, निऱ्या धरून. दोन चौक असं केलं की माणूस आपोआप रस्त्यावरून चालायला लागतो आणि मग गाडीवाले म्हणतात फुटपाथ असून हे लोक खालून चालतात.

पावसाळ्याबद्दल वेगळं लिहायला हवं. सुटलेला पेव्हर ब्लॉक दिसायला अगदी शेजारच्या ब्लॉकसारखा असतो, पाय पडला की एक बाजू खाली जाते आणि दुसऱ्या बाजूनं काळं पाणी पिचकारीसारखं थेट पोटरीपर्यंत. आता मला माझ्या वाटेवरचे असे सगळे ब्लॉक पाठ आहेत. स्टाफरूमच्या ड्रॉवरमध्ये एक सँडलचा जोड, एक टॉवेल आणि एक जुनी कॉटनची साडी कायम असते. बाकी उपक्रम राहू द्या, स्टाफसाठी एक बंद होणारी खोली आणि एक आरसा दिला तर आमच्याकडच्या निदान चार-पाच बायका उद्यापासून चालत येतील, हे मी त्यांना विचारूनच लिहितेय. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे असतात त्या आठवड्यात मात्र सरळ रिक्षा. त्यात कसली आलीय तत्त्वनिष्ठा.

पवईचा जुना हॉस्टेलवाला

आयआयटी मुंबईत आम्हाला कुणी चालायला सांगितलं नाही, तरी सगळे चालायचो. पोरांना मोटरसायकल ठेवायची परवानगी नाही, तुमतुम (कॅम्पसातली बस) हवी तेव्हा मिळेलच असं नाही, मग सायकल नाहीतर पाय. पण सगळीकडे दाट झाडं, गाड्या हळू, रस्त्यात बैल बसलेला असला तर त्याला वळसा घालायचा, कधीमधी बिबट्या दिसल्याचा मेसेज फिरायचा की दोन दिवस रात्री घोळक्यानं जायचो. गंमत म्हणजे गेटबाहेर पडलो की तीच पोरं कांजूरमार्ग स्टेशनला जायला शेअर रिक्षाच्या रांगेत. पाय तेच, रस्ता बदलला.

ट्रेंट नदीकाठून

मी इंग्लंडात नॉटिंगहॅमला असते. इथे एप्रिल 2012 पासून वर्कप्लेस पार्किंग लेव्ही आहे, ज्या संस्थेकडे कर्मचाऱ्यांसाठी अकरा किंवा जास्त पार्किंगच्या जागा आहेत तिने दर जागेमागे नगरपालिकेला वर्षाला पैसे भरायचे. बऱ्याच ठिकाणी तो भार पार्किंग वापरणाऱ्याच्या पगारातून कापतात, माझ्याही कापायचे. ते पैसे ट्रामसारख्या सोयींवर खर्च होतात, 2015 मध्ये ट्रामचे नवे मार्ग सुरू झाले, त्यातला एक युनिव्हर्सिटी आणि मोठ्या हॉस्पिटलला लागूनच जातो. सुरुवातीला लोकांनी खूप आरडाओरड केली, अजूनही करतात.

पगाराच्या स्लिपवर तो आकडा दर महिन्याला दिसायला लागला तेव्हा मी चालायला लागले, पर्यावरण वगैरे नंतर सुचलं. अर्थात इथे चौकात बटण दाबलं की हिरवा माणूस येतो आणि गाड्या थांबतात. तुमच्या चौकात तेवढंही नसताना नुसता पार्किंगचा दर वाढवलात तर लोक शिव्या देतील आणि त्यांचं बरोबरच असेल.

प्रॅक्टिकल बॅच सी

मुलगी, हॉस्टेल बाहेर, अंतर जेमतेम सातशे मीटर. सकाळी चालत, संध्याकाळी कधीच नाही. प्रॅक्टिकल सहाला सुटतं, डिसेंबरात तोवर अंधार, मागच्या गेटनं हॉस्टेल समोरच दिसतं पण ते गेट बंद, म्हणून सगळ्या कंपाउंडला वळसा. त्या भिंतीच्या बाजूला ना दुकान ना दिवा, फक्त पार्क केलेले ट्रक. सकाळी चालणारी आणि संध्याकाळी रिक्षा करणारी ती एकच मुलगी असते, हे तुमच्या समितीत कुणाला तरी सांगा.

ऑफिसमधला माणूस

बॅच सी यांच्यासाठी लिहितोय कारण मी एका कॉलेजात हेच बघतो, प्रशासनाकडून. मागचं गेट मुद्दाम बंद ठेवत नाहीत. एक गेट चोवीस तास म्हणजे तीन शिफ्टचे तीन वॉचमन, सुट्टीला बदली वेगळा, वर कॅमेरा. हा खर्च कुणाला दाखवायला आवडत नाही, म्हणून "सुरक्षेच्या कारणास्तव". आम्ही शेवटी मोठं फाटक बंदच ठेवून त्यातली दिंडी (माणसापुरतं छोटं दार) तेवढी उघडली, सकाळी सात ते साडेनऊ आणि दुपारी चार ते साडेसहा, म्हणजे एकाच माणसाची ड्युटी दोन तुकड्यांत, आणि भिंतीवर दोन एलईडी. पत्रव्यवहाराला वर्ष गेलं, कामाला दोन दिवस.

पहिल्या आठवड्यात पोरं दिंडीतून अ‍ॅक्टिव्हा आत घालायला लागली, म्हणून मधोमध एक लोखंडी खांब रोवला. माणूस अंग तिरकं करून जातो, हँडल जात नाही. व्हीलचेअरचा प्रश्न त्यामुळे राहिलाय, त्यासाठी वॉचमनला मोठं फाटक उघडून द्यायला सांगितलंय पण ते मला पटलेलं नाही, कुणाकडे चांगलं डिझाइन असेल तर इथेच टाका. खांबाबद्दल लेखी तक्रारी बऱ्याच आल्या, सगळ्या गाडीवाल्यांच्या.