चिंता म्हणजे नुसती एंडॉर्फिनची कमतरता? गोळ्या फेकायला सांगणाऱ्यांना उत्तर

चाफेकळी: काल एक फिटनेसवाल्याची पोस्ट फिरत होती, की सततची चिंता म्हणजे एंडॉर्फिन कमी पडणं, रोज पळा आणि गोळ्या फेका. डोकंच फिरलं. एंडॉर्फिन म्हणजे शरीरात तयार होणारं, अफूसारखं काम करणारं रसायन, पण असं रसायन काय एकच आहे का? त्यातलंच एन्केफॅलिन १९७५ ला स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनला सापडलं, ते नसलेले उंदीर जास्त घाबरट निघाले, मान्य. पण डायनॉर्फिन पण त्यातलंच, ते कॅपा रिसेप्टरवर (रिसेप्टर म्हणजे पेशीवरची रसायन चिकटायची जागा) बसतं आणि ताणात उलट बेचैनी वाढवतं. मग वाढवायचं नक्की काय?

घाटपळ्या: पुस्तकी किडे कधी पळालेत का? मला पॅनिक यायचं, घाट चढायला लागलो आणि माणसात आलो. २००८ ला जर्मनीत धावणाऱ्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं, पळाल्यावर ओपिऑइड, म्हणजे हीच अफूसारखी रसायनं, सुटल्याच्या खुणा दिसल्या. अजून काय पाहिजे?

चाफेकळी: जर्मनीतलंच २०२१ चं पण वाचा की. नाल्ट्रेक्सोन नावाचं औषध देऊन ओपिऑइड रिसेप्टर अडवले, तरी पळाल्यावर लोकांना मस्त वाटलंच आणि चिंता पण उतरली. म्हणजे पळण्याचा फायदा खरा, पण श्रेय एंडॉर्फिनला देता येत नाही. आणि रक्तातलं एंडॉर्फिन मेंदूत सहज शिरत पण नाही.

नगरची_ताई: ते रसायन राहू दे बाजूला. माझ्या धाकट्या दिराने असंच काहीतरी वाचून क्लोनाझेपाम ही चिंतेवरची गोळी एकदम बंद केली, घरात कुणाला बोलला नाही, आणि झटके येऊन ॲडमिट करावं लागलं. सासूबाई अजून रात्री उठून त्याचा श्वास बघतात. असल्या पोस्ट टाकणाऱ्याला कोण जाब विचारणार?

मेडिकलवाला: ताई, वाईट झालं, पण मूळ दोष लिहून देणाऱ्याचा. दोन मिनिटात चिठ्ठी, वर्षानुवर्षं तीच गोळी, कशी सोडायची ते कुणी सांगत नाही. काउंटरवर रोज बघतो, लोक जुनी चिठ्ठी घेऊन येतात आणि नाही म्हटलं की भांडतात.

नगरची_ताई: आणि तुमच्यातलेच काही जण विनाचिठ्ठी देतात, ते पण बोला ना! आमच्या गल्लीत बिस्किटासारखी मिळते.

मेडिकलवाला: सगळ्यांना एका माळेत ओवू नका. मी देत नाही, गिऱ्हाईक गेलं तरी.

घाटपळ्या: बघा, म्हणजे गोळ्याच वाईट, हेच मी म्हणत होतो.

नगरची_ताई: अहो जीव जाता जाता वाचला पोराचा, आणि तुम्हाला वाद जिंकायचाय? लाज वाटू द्या.

घाटपळ्या: बरं, "फेका" म्हणणं चूक, एवढं मान्य. पण डॉक्टर पळायला का सांगत नाहीत?

चाफेकळी: माझ्या डॉक्टरांनी सांगितलं, गोळीच्या सोबत. पण ज्याला पॅनिकमुळे जिना उतरवत नाही, त्याला "पळ" म्हणणं म्हणजे त्याचाच आळस काढणं. ताई, दिराचा डोस आता हळूहळू उतरवतायत ना? कोण बघतंय, फिजिशियन की मानसोपचारवाले?

नगरची_ताई: मानसोपचारवाले. दर वेळी थोडीशीच कमी करतात, आणि पुढची तारीख हातात दिल्याशिवाय सोडत नाहीत.