ओलिताच्या दिवसात लॅपटॉप अपग्रेड करावा का? आर्डुइनो नॅनोचा पोर्टच गायब झाला

संत्रावाला, वरुड
संत्र्याचा ताण तोडायच्या, म्हंजे बंद ठेवलेलं पानी परत सुरू करायच्या टायमालेच माझ्यासंग हे झालं, म्हनून सगळ्याइले इचारतो. आमच्या विहिरीवरच्या मोटरीले मी घरीच बनवलेला ऑटो बसवला हाय, नॅनोचा क्लोन बोर्ड (प्रोग्राम टाकता येते अशा बारक्या आर्डुइनो बोर्डाची नक्कल), करंट सेन्सर अन दोन रिले. पानी तुटलं का ड्राय रनवर मोटर आपोआप बंद होते. औंदा पानी लवकर खाली गेलं, म्हनून बंद व्हायचा टाइम २० सेकंदाचा ८ वर आनायचा होता, म्हंजे प्रोग्राममधला एक आकडा. पन त्याच्या आदल्याच दिवशी मी लॅपटॉपची सिस्टम, उबुंटू, २०.०४ ची २२.०४ करून बसलो. बोर्ड लावला तं लाल लाईट लागते, पन आयडीईत (बोर्डात प्रोग्राम टाकाचं सॉफ्टवेअर) पोर्टच दिसत नाही. केबल बदलल्या, दुसरा बोर्ड लावून पायला, आयडीई काढून परत टाकली, दोन रात्री गेल्या. लाईन रात्रपाळीची होती, दोन्ही रात्री बाबा टॉर्च घेऊन विहिरीवर बसून रायले का पानी तुटलं का हातानं स्टार्टर बंद करावा.

शेवटी डीमेसेज (सिस्टमचे मेसेज दाखवनारी कमांड) चालू ठेवून बोर्ड लावला तं समजलं. टीटीवाययूएसबी०, म्हंजे बोर्डाचा पोर्ट, तयार होते अन लगेच डिस्कनेक्टेड येते, अन मधात बीआरएलटीटीवाय असं नाव. तो आंधळ्या मानसाइच्या ब्रेल डिस्प्लेचा प्रोग्राम हाय म्हने. काढून टाकला, पोर्ट आला, दोन मिनिटात आकडा बदलला. माझं मत सांगतो, ज्या लॅपटॉपवर वावर चालते त्याले अपग्रेड करूच नये, अन असे फालतू प्रोग्राम पयलेच काढून टाकावे.

रिवाइंडिंग काका, आर्वी
एकदम बरोबर बोलला बावा. माझ्या दुकानात जुना विंडोज ७ चा लॅपटॉप हाय, त्याले नेट लावतच नाही, फक्त चिपमध्ये प्रोग्राम टाकाचं काम. इतक्या वर्षात एक दिवस अडला नाही. पोरानं नवा विंडोज ११ चा आनला तं माझी जुनी पीएल२३०३ चिपची यूएसबी केबल त्याच्यात चालेचना, डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह अन ही चिप २०१२ पासून बंद हाय, सप्लायरले इचारा असा मेसेज. केबल चांगली, चिप चांगली, फक्त नवा ड्रायव्हर तिले घेत नाही. जुन्या व्हर्जनचा ड्रायव्हर निवडून देल्ला तवा चालली. चालत्या मशीनले हात लावू नये, हे मी रिवाइंडिंग शिकलो तवापासून पाळतो.

पॉलीवाली, यवतमाळ
काका, तुमचा लॅपटॉप नेटला नाही म्हणून तुमचं ठीक आहे, पण दादांच्या लॅपटॉपवर बँक पण असेल, पीकविम्याचा फॉर्म पण त्याच्यावरच भरत असतील. उबुंटू २०.०४ चा नेहमीचा सपोर्ट २०२५ मध्ये संपला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, मग किती वर्षं टाळणार? दादा, मला वाटतं चूक अपग्रेडची नाही, न तपासता केलेल्या अपग्रेडची आहे. नवीन सिस्टम आधी पेनड्राइव्हवरून लाईव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता चालवायची, त्यात आपला बोर्ड लावून बघायचा, पोर्ट टिकला तरच हार्डडिस्कला हात लावायचा, हे अर्ध्या तासाचं काम आहे आणि तुमचा पोर्ट तिथेच गेलेला दिसला असता.

आणि दोन रात्री केबलवर गेल्या ना, त्याचं मला खरंच वाईट वाटलं, कारण एरर नीट वाचली की निम्मं काम होतं. पोर्टच नाही तर डीमेसेज. पोर्ट आहे पण परमिशन डिनाइड येतं तर आपला युजर डायलआउट ग्रुपमध्ये (ज्याला पोर्ट वापरायची परवानगी असते) नाही, तो टाकून लॉगआउट करून परत यायचं, नुसतं टाकून होत नाही. पोर्ट उघडतो पण नॉट इन सिंक येतं तर मेनूत ओल्ड बूटलोडर (बोर्डात प्रोग्राम उतरवून घेणारा छोटा प्रोग्राम) निवडून बघायचं, कारण बऱ्याच क्लोनमध्ये जुना ५७६०० स्पीडवाला असतो आणि आयडीई ११५२०० ने बोलते.

अचलपूरकर
बाकी अपग्रेड करा नका करू, पण फालतू शब्दावर मला बोलाचं हाय. माझ्या लहान भावाले जन्मापासून दिसत नाही. तो ह्याच उबुंटूवर अभ्यास करते, कानाले ऑर्का (स्क्रीन बोलून वाचनारा प्रोग्राम) अन बोटाखाली ब्रेल डिस्प्ले. मी बाजूले बसून पायतो ना, स्क्रीनवरची ओळ बदलली का त्या बारक्या पिना खालून वर येतात, त्याचं बोट सरकते अन तो वाचून दाखवते. बीआरएलटीटीवाय नसला तं त्या पिना हलत नाही. तो पयलेपासून टाकून ठेवतात कारण न दिसनाऱ्या मानसानं इन्स्टॉल करतानी मदतीले कोनाले बोलवाव?

भांडन कायचं हाय ते बी सांगतो. तुमच्या क्लोनवर यूएसबीसाठी सीएच३४० चिप, तिचा यूएसबी नंबर १ए८६:७५२३. एका ब्रेल डिस्प्लेचा नंबर बी तोच, म्हनून प्रोग्रामले वाटते डिस्प्लेच लावला अन तो पोर्ट ओढून घेते. चूक त्या एका ओळीची हाय. यूएसआर लिबमधली ८५ नंबरची बीआरएलटीटीवाय रूल्स फाईल ईटीसीतल्या यूडेव्हच्या (लावलेलं डिव्हाइस ओळखनारी सिस्टम) रूल्स फोल्डरात त्याच नावानं कॉपी करा, त्या नंबरच्या ओळीपुढे हॅश टाका, मशीन रीस्टार्ट करा. ईटीसीतली असली का सिस्टम तीच वाचते, पुढच्या अपडेटनं पुसली बी जात नाही. अन ज्या घरात, शाळेत लॅपटॉप दोघातिघाइचा असते तिथं पॅकेज काढाच नका.

रिवाइंडिंग काका, आर्वी
अचलपूरकर, हे मले मालूम नव्हतं. पन पोरी, पेनड्राइव्हवर पाहून घ्या हे तुले सोपं वाटते, माझ्यासारख्या मानसानं एका ओळीसाठी दोन रात्री काऊन घालवाव्या? सिझन निघू द्या, मंग करा अपग्रेड.

संत्रावाला, वरुड
अचलपूरकर भाऊ, फालतू म्हटलं ते मी मागं घेतो, मनापासून. आत्ताच बीआरएलटीटीवाय परत टाकला, फाईल कॉपी केली, हॅश टाकला, रीस्टार्ट करून बोर्ड लावला, अन पोर्ट गेला नाही. पाच मिनिटं डीमेसेजकडे पायत बसलो, टीटीवाययूएसबी० जसाच्या तसा. ताई, पुढच्या खेपेले पेनड्राइव्हवर पाहूनच करीन, तुमचं पटलं. पन काकाचं बी सोडत नाही, बगीच्याले फूल लागेपर्यंत ह्या लॅपटॉपले आता काही करनार नाही. आज लाईन रात्री १२ ची हाय, बोर्ड पेटीत बसवून आलो, बाबाले म्हटलं आज झोपा.