मधुमेही पायाची चिघळलेली जखम: जात्यादि तेल की शस्त्रक्रिया?

रानवाट: माझ्या मामांच्या तळपायाची जखम पाच महिने भरत नव्हती. एका वैद्यांनी ती रोज त्रिफळ्याच्या काढ्याने धुऊन जात्यादि तेलात भिजवलेली पट्टी बांधायला सुरुवात केली. तळाचा पिवळट, बुळबुळीत थर हळूहळू गेला, लालसर दाणेदार मांस दिसू लागले आणि दहा आठवड्यांत जखम मिटली. इन्सुलिनही त्याच सुमारास सुरू झाले होते. मग शल्यचिकित्सक आयुर्वेदाचे नाव काढताच कपाळाला आठ्या का घालतात?

टाका: कारण त्याच तेलाच्या भरवशावर बसलेले रुग्ण आमच्याकडे फार उशिरा येतात. नेक्रोटायझिंग फॅसिआयटिसमध्ये (त्वचेखालचे आवरण झपाट्याने सडवणारा जिवाणूंचा संसर्ग) वरची त्वचा अजून बरी दिसत असताना वेदना मात्र असह्य असतात, आणि पुढे जांभळट डाग व फोड येईपर्यंत संसर्ग आतल्या आवरणातून तासातासाने पसरत जातो. तिथला रक्तपुरवठाच बंद पडत असल्यामुळे प्रतिजैविकही नीट पोहोचत नाही. मेलेला भाग कापून काढावाच लागतो. तुमच्या मामांना हा आजार नव्हता, हे त्यांचे नशीब.

शल्यतंत्र: आपण आयुर्वेद म्हणजे तेलाची बाटली समजता, हे मला मान्य नाही. सुश्रुताने व्रणाचे, म्हणजे जखमेचे, साठ उपक्रम (उपचार) सांगितले असून त्यांत छेदन (कापून काढणे), भेदन (चिरणे) आणि लेखनही (खरवडणे) आहे. सडलेले मांस ठेवून वर औषध बांधा, असे तो कुठेही म्हणत नाही. आपण वर्णन केलेला रुग्ण मीही तत्काळ मोठ्या रुग्णालयात पाठवीन. परंतु शस्त्रक्रियेनंतर उरणारी, आठवडेच्या आठवडे रेंगाळणारी जखम आम्हा वैद्यांच्या हाती द्यायला हरकत काय? जात्यादि तेलात मोरचूद (कॉपर सल्फेट) असते आणि त्याचा जंतुनाशक गुण आपल्या शास्त्रालाही ठाऊक आहे.

टाका: मोरचूद जंतू मारते, म्हणून ते तेल जखम भरते असे सिद्ध होत नाही. आयुर्वेदात लावल्या जाणाऱ्या जळवाही निर्धोक नाहीत: त्यांच्या आतड्यातला एरोमोनास जिवाणू जखमेत उतरू शकतो, म्हणून प्लास्टिक सर्जरीत जळवा लावताना आम्ही प्रतिजैविक देतो. शिवाय मामांच्या बाबतीत तेल आणि इन्सुलिन एकाच वेळी सुरू झाले. मग गुण कोणाचा? जखमेवर भार येऊ नये म्हणून चालणे कमी केले होते का, तेही आपण लिहिलेले नाही.

रानवाट: केले होते, मामी त्यांना खाटेवरून उतरू देत नव्हत्या. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ११ टक्क्यांवरून ७.८ टक्क्यांवर आली, हेही खरे. तरी पट्टी सोडताना येणारी दुर्गंधी पहिल्या आठवड्यातच गेली होती, आणि तोवर साखर फारशी उतरलेली नव्हती.