रोजच्या विक्री फाइल्स एकत्र करायला मॅक्रो करून घ्यावा का? सल्ला हवा

म्हापशेकर
नमस्कार मंडळी. म्हापशात आमची किराणा मालाची घाऊक एजन्सी आहे. पेडणे, डिचोली, सत्तरी अशा लाइनवर फिरणारे सेल्समन रोज संध्याकाळी आपापली एक्सेल फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतात. हिशेब बघणाऱ्या ताई एकेक फाइल उघडून कॉपी-पेस्ट करतात, मग व्हीलुकअप (दुसऱ्या यादीतून जुळणारी नोंद शोधणारं सूत्र) लावून दुकानवार येणं काढतात. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी तर त्यांना घरी जायला रात्र होते. ओळखीतला एकजण मॅक्रो, म्हणजे हे काम आपोआप करणारा एक्सेलमधला छोटा प्रोग्राम, लिहून देतो म्हणतोय. घ्यावा का? एक्सेल २०१९ आहे.

फोंड्याचा हिशेबनीस
आधी मॅक्रो नको. लिहिणारा गावाला गेला की तो दुरुस्त कोण करणार? या कामाला पॉवर क्वेरी (फाइल्स गोळा करून जोडणारी एक्सेलमधली सोय) पुरेशी आहे आणि २०१६ पासून ती एक्सेलच्या आतच असते, वेगळे पैसे नाहीत.

सगळ्या फाइल्स एका फोल्डरमध्ये ठेवा. डेटा टॅब, गेट डेटा, फ्रॉम फाइल, फ्रॉम फोल्डर, मग कम्बाइन. एकदा बसवलं की रोज फाइल्स फोल्डरमध्ये टाकायच्या आणि रिफ्रेश ऑल दाबायचं. कुठली ओळ कुठल्या फाइलमधून आली ते सोर्स नेम या कॉलमात आपोआप येतं, त्यामुळे चूक कोणाकडची ते लगेच कळतं. अट एकच: शीटचं नाव आणि कॉलमची शीर्षकं सगळ्यांची हुबेहूब सारखी हवीत. एकाने ‘रक्कम’ आणि दुसऱ्याने ‘एकूण रक्कम’ लिहिलं तर आकडे गळतात.

तारखा नीट बघा. कॉम्प्युटर अमेरिकन पद्धतीवर (आधी महिना, मग दिवस) असेल तर ३ एप्रिलची विक्री ४ मार्चला जाऊन बसते, म्हणजे थेट मागच्या आर्थिक वर्षात. चेंज टाइपमध्ये युझिंग लोकेल निवडून इंग्लिश इंडिया लावा.

मडगावची अकाउंटंट
वरचं सगळं पटलं, पण दुकानांची नावं आधी सुधारा, नाहीतर कुठलंच साधन कामाचं नाही. आपल्याकडे शांतादुर्गा स्टोअर्स किती गावांत आहेत सांगा! एक सेल्समन ‘शांतादुर्गा जनरल’ लिहितो, दुसरा नुसतं ‘शांतादुर्गा’, तिसऱ्याच्या नावामागे एक मोकळी जागा राहते आणि व्हीलुकअप हात वर करतं. जीएसटी नंबरवर जुळवावं म्हणाल, तर राज्यात एकाच मालकाच्या दोन शाखांना बहुधा नंबर एकच असतो आणि लहान दुकानांकडे तो नसतोही. म्हणून प्रत्येक दुकानाला आपलाच एक कोड द्या, सुरुवातीला अक्षर ठेवून: ‘पे०१२’ असा. नुसता ०१२ टाइप केला की एक्सेल पुढचं शून्य खातं.

सेल्समनना कोड टाइप करायला लावू नका, डेटा व्हॅलिडेशनची यादी देऊन त्यातून निवडू द्या. मग पॉवर क्वेरीत विक्रीची यादी मास्टरशी (दुकानांच्या मूळ यादीशी) जोडताना, म्हणजे मर्ज करताना, लेफ्ट अँटी निवडलं की मास्टरमध्ये न सापडलेले कोड वेगळे निघतात. ही यादी ताईंनी रोज सगळ्यात आधी बघावी.

म्हापशेकर
देव बरें करूं! गूगल शीटवर सगळ्यांनी एकत्र भरलं तर फाइल पाठवायचीच गरज नाही ना?

मडगावची अकाउंटंट
चालेल, ऑफलाइनही भरता येतं. पण सत्तरीच्या आतल्या गावांतून रेंजमध्ये येईपर्यंत त्या नोंदी तुम्हाला दिसणार नाहीत. शिवाय प्रत्येकाला वेगळी शीट देऊन बाकीच्या प्रोटेक्ट करा, नाहीतर एकाच्या हातून दुसऱ्याच्या ओळी पुसल्या जातात.

म्हापशेकर
मग मॅक्रो अजिबातच नको?

फोंड्याचा हिशेबनीस
प्रत्येक दुकानाच्या येण्याचं वेगळं पीडीएफ काढायचं असेल तेव्हा करून घ्या, ते काम पॉवर क्वेरीचं नाही. मात्र इंटरनेटवरून आलेल्या फाइलमधले मॅक्रो मायक्रोसॉफ्ट २०२२ पासून आपणहून अडवतं, तेव्हा त्याला ऑफिसात बसवूनच लिहून घ्या आणि मॅक्रोच्या कोडला पासवर्ड घालू देऊ नका. तूर्तास पॉवर क्वेरी जुन्या पद्धतीच्या जोडीने चालवा. महिनाअखेरची येणं बाकी दोन्हीकडे रुपयाला रुपया जुळली की ताईंचं कॉपी-पेस्ट बंद करा.